धुराचं कार्ड

१९७९ साली गाड्यांच्या धुराच्या तपासनीसांची नोकरी कायम व्हायची होती. तीन वर्षं नाक्यावर उभं राहून त्यांनी बसगाड्यांचा आणि लॉऱ्यांचा धूर खाल्ला होता, आणि आता सोमवारी मोठे साहेब स्वतः त्यांचं काम बघायला येणार होते. माझ्या नजरेतून काळा धूर सुटणं शक्य नाही, असं त्यांनी घरात चार वेळा तरी ऐकवलं.

खरं म्हणजे त्यांची सगळी भिस्त नजरेवर नव्हतीच, एका कार्डावर होती. पुठ्ठ्यावर शाईने रंगवलेले पाच चौकोन, पहिला पांढरा, मधले क्रमाने गडद, पाचवा काळाकुट्ट. धुराशेजारी धरायचं, धूर तिसऱ्याहून काळा दिसला की गाडी अडवायची.

रविवारी बायकोने गणवेश धुतला. खिशातलं कार्ड तिला फारच मळकट वाटलं. साहेबांसमोर शोभा नको, म्हणून तिने तेही साबण लावून मायेने घासलं. सगळे चौकोन पांढरे झाले, तेव्हा कुठे तिला कळलं, की तो मळ नव्हता.

नवरा दुपारचा घोरत होता. उठवून सांगायची छाती होईना. तिने स्टोव्हची काजळी खरवडली, तेलात कालवली आणि बोटाने चौकोन भरायला घेतले. दुसराच जरा गडद झाला. मग तिसरा त्याहून गडद करणं आलं. चौथ्याला काळ्याहून काळा रंग आणायचा कुठून?

सोमवारी डब्याचं निमित्त करून ती नाक्यावर गेली. एक म्हातारी लॉरी घर पेटल्यासारखा धूर ओकत आली. तपासनीसांनी कार्ड धरलं, निरखून पाहिलं आणि लॉरीला खुशाल जाऊ दिलं. धुरातून साहेब बाहेर आले, ते फक्त दातांवरून ओळखू आले.

"अहो, ही सोडलीत?"

"तिसऱ्याच्या आत आहे, साहेब. चांगली ठेवलीय गाडी."

साहेबांनी कार्ड हिसकावलं आणि त्याच हाताने कपाळाचा घाम पुसला. तेल अजून वाळलं नव्हतं; उरलंसुरलं कपाळही काळं झालं. आता सांगून टाकावं, म्हणून बायकोने तोंड उघडलं.

"अहो, डबा," एवढंच बाहेर आलं.

नोकरी गेली. तपासनीसांचं उरलेलं आयुष्य एका वखारीत वजनकाट्यापाशी गेलं. साहेब खोकत खोकत निवृत्त झाले. लॉरीवाल्यांनी मात्र आठवण ठेवली. असा समजूतदार तपासनीस पुन्हा झाला नाही म्हणून म्हातारपणी त्यांचा सत्कार केला. भाषणात तपासनीसांनी आपल्या काटेकोरपणाचं सगळं श्रेय बायकोला दिलं. पहिल्या रांगेत तिने मान खाली घातली. लोकांना वाटलं, लाजली.