राजा विरुद्ध राजपुत्र

सिनेमा संपला की माणसं अंधारात चपला शोधतात. आमचे शिरस्तेदार उभे राहून निकाल देत.

चिंचवड स्टेशनजवळच्या पडीक शेतात दिवाळीनंतर सिनेमाचा तंबू पडायचा. पडद्यावर ‘समाप्त’ उमटलं, की पुढच्या रांगेत घरून आणलेल्या सतरंजीवर बसलेले शिरस्तेदार उठत, टोपी सारखी करत आणि साऱ्या तंबूला ऐकू जाईल असं सुनावत, “सबब, हुकूम करण्यात येतो की, मजकूर नायिकेने बापाचे घर सोडण्यापूर्वी नायकाच्या चालचलणुकीची शहानिशा केलेली नाही. सिनेमा खर्चासह फेटाळण्यात येत आहे.” लोक टाळ्या वाजवत. सिनेमा पडेल निघाला तरी निकाल कधी पडेल निघाला नाही.

उभी हयात त्यांनी पुण्याच्या कोर्टात काढली होती. पेन्शन झाली, कोर्ट सुटलं, कोर्टाची भाषा काही सुटली नाही. आमटी खारट झाली तर घरात पुकारा होई, “आमटी दुरुस्तीसाठी परत पाठवण्यात येत आहे.”

“परत आली तर दुसरी मिळणार नाही,” काकू आतून म्हणत. “आणि माझ्या निकालावर अपील नाही.”

त्या घरात शेवटचं कोर्ट कुठलं, हे शिरस्तेदारांना पक्कं ठाऊक होतं. ते मुकाट जेवत.

माझा त्यांच्याशी संबंध साहित्यिक होता. आमच्या वाचनालयाचं एक वार्षिक हस्तलिखित निघे. माझं अक्षर बरं, म्हणून मी त्याचा संपादक. याहून अधिक लायकी कृपया विचारू नये. त्यात ‘चित्रपट परीक्षण’ हे सदर शिरस्तेदारांचं. खरं तर मलाच ते लिहायचं होतं. पण सिनेमात मी घोरतो, ही बातमी आमच्या सौभाग्यवतींनी आळीभर केलेली असल्यामुळे माझा अर्ज मागे पडला.

शिरस्तेदारांचे सगळेच निकाल मात्र असे टाळ्यांचे नव्हते. एक त्यांनी स्वतःच्या घरात दिला होता. त्यांचा एकुलता मुलगा माधव. त्याला त्यांनी खटपट करून कचेरीत चिकटवलं. खुर्ची, टेबल, वर पंखा. त्याच सुमारास पिंपरीला औषधांची मोठी कंपनी उभी राहिली आणि हा पठ्ठ्या कचेरी सोडून तिथे यंत्रावर लागला. खाकी कपडे, छातीवर नंबराचा बिल्ला. शिरस्तेदारांना कपडे खपले असते. बिल्ला खपला नाही.

“नंबर कैद्याला असतो!” ते गरजले. “मला पुन्हा तोंड दाखवू नकोस!”

त्यानं दाखवलं नाही. पिंपरी कॅम्पात एका सिंधी कुटुंबाशेजारी खोली घेऊन तो राहू लागला. बापलेकांच्या मधे तसं पाहिलं तर एक रेल्वे फाटक तेवढं होतं. पण दोन वर्षं ते दोघांच्याही बाजूंनी बंद होतं.

अशात तंबूवाल्यानं इंग्रजी सिनेमा आणला. बैलगाडीवर कर्णा लावून पुकारा झाला, “घोडे! तलवारी! किल्ले! खुद्द इंग्रजांचा राजा!” इंग्रज आपल्या घरी गेल्याला दहाएक वर्षं होत आलेली, तेव्हा त्यांच्या घरी काय चालतं हे बघायला सारं गाव लोटलं. राजा सातआठशे वर्षांपूर्वीचा. नाव आठवत नाही. त्यांच्याकडे नावांचा तुटवडा असल्यामुळे तीच तीच नावं आकडे लावून वापरतात, आणि आकड्यांत मी शाळेपासून कच्चा.

राजा इंग्रजीत बोले, आणि ते मराठीत सांगायचं काम शिरस्तेदारांनी कुणी न सांगता पत्करलं. शेजारी पांडोबा, गावातला म्हातारा शेतकरी, बसलेला.

“काय म्हनतोय ओ राजा?”

“म्हणतो, सरहद्दीवरच्या गढीवर राजपुत्राचा हक्क शाबीत होत नाही.”

“आन् पोरगं?”

“म्हणतं, वहिवाट माझी आहे.”

“मंग मोजनी कराया पायजे,” पांडोबा म्हणाला. ब्रिटनचा इतिहास मावळात इतका सोपा कधीच झाला नव्हता.

गोष्ट अशी. राजा मुलाला हाकलून देतो. मुलगा शत्रूला मिळतो आणि लढाईत पडतो. त्याची ढाल घेऊन शिपाई येतात. राजा मोकळ्या दरबारात एकटा उभा राहतो. आणि यानंतर, सर्वांत शेवटी, तोच राजा एकदम तरुण! हिरव्या कुरणात छोट्या राजपुत्राला घोड्यावर बसवतोय. पोरगं घाबरतं, राजा लगाम धरून बाजूनं धावतो, दोघं हसतात. संपलं.

आम्ही बुचकळ्यात पडलो. पण सिनेमा इंग्रजी, तेव्हा आधीचं नंतर येणं ही त्यांची रीत असेल, अशी प्रत्येकानं आपापली समजूत घातली. मला तर जाग आली तेव्हा थेट कुरणच दिसलं, त्यामुळे मला काहीच खटकलं नाही.

शिरस्तेदारांनी हस्तलिखितासाठी पानंच्या पानं परीक्षण लिहिलं, ‘राजा विरुद्ध राजपुत्र’. त्यात म्हटलं होतं, “दिग्दर्शकाने प्रथम निकाल व तदनंतर मूळ प्रेम सादर केले आहे. प्रेम हा पुरावा मुदतीनंतर दाखल झाला तरी ग्राह्य धरावा, असे या कोर्टाचे मत आहे.” इतकं मऊ त्यांनी याआधी काही लिहिलं नव्हतं. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, “वा! जागतिक दर्जाचं!” अध्यक्षांनी सिनेमा पाहिला नव्हता.

हस्तलिखिताच्या प्रकाशनाला पुण्याहून इंग्रजीचे एक प्रोफेसर आले. परीक्षण वाचून झालं, टाळ्या झाल्या. प्रोफेसर उठले.

“लेख उत्तम. फक्त एक आहे. हा सिनेमा मी पाहिलाय. ते घोड्याचं दृश्य सुरुवातीला आहे हो! तुमच्या ऑपरेटरनं दुसरं रीळ शेवटी लावलं.”

हशानं मंडप फुटला. ज्या अध्यक्षांनी जागतिक दर्जा दिला होता तेच डोळे पुसेपर्यंत हसले. संपादक म्हणून मीही हसलो, म्हणजे लोकांचं लक्ष माझ्याकडे जाणार नाही. शिरस्तेदार मात्र ताडकन उठले नाहीत, अपिलाची धमकी नाही, काही नाही. टोपी मांडीवर घेऊन बसून राहिले.

त्याच संध्याकाळी तंबूत याच सिनेमाचा शेवटचा खेळ होता. अध्यक्षांनी फर्मान काढलं, आज सिनेमा नीट लागला पाहिजे. निरोप घेऊन मी सखाराम ऑपरेटरकडे गेलो आणि जाताजाता त्याला चार शब्दही सुनावले.

“माज्यावर कशापायी डाफरताय?” सखाराम म्हणाला. “चूक झाली ती पैल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी मी सरळ लावत हुतो. शिरस्तेदारच आत आले, म्हनले, ‘राहू दे तसंच.’”

“म्हणजे त्यांना माहीत होतं?”

“तर वो! आन् कशापायी ते पन सांगतो. सकाळपाळी सुटली की कंपनीची पोरं येत्यात. त्यांचा माधव हितं, माज्या मशिनीपाशी, बांबूला टेकून हुबा असतो. रोज. निकालाच्या आदी निघून जातो. घोड्याचं रीळ लागलं की म्हातारा वळून वळून मागं बघतो. अंधारात काय दिसतंय? पन बघतो.”

मी चार शब्द परत घेतले. पण निरोप अध्यक्षांचा होता, आणि गाव आधीच सतरंज्या, गोणपाटं घेऊन निघालं होतं. सिनेमा पाहायला नव्हे, शिरस्तेदारांची फजिती पाहायला. मी जन्मात पहिल्यांदा सिनेमाभर जागा राहिलो. सौभाग्यवतींनी दोनदा माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सिनेमा सरळ लागला. घोडा, कुरण, हसणं सुरुवातीलाच आलं आणि संपूनही गेलं. पुढे भांडण, लढाई, ढाल. राजा मोकळ्या दरबारात एकटा. त्याचे ओठ हलले. आता यापुढे काही येणार नव्हतं.

“काय म्हनतोय ओ राजा?” पांडोबानं विचारलं.

शिरस्तेदार मागे वळून अंधारात बघत होते.

“सांगा की!”

“म्हणतो, चूक झाली.”

“कुनाची?”

“राजाची,” शिरस्तेदार म्हणाले. नेहमीच्या पुकाऱ्याच्या आवाजात नाही. पण तंबू इतका शांत होता, की मागे मशिनीपाशीही ऐकू गेलं असणार.

बत्त्या लागल्या. “निकाल! शिरस्तेदार, निकाल!” पोरांनी गिल्ला केला. ते उठले. टोपी सारखी केली. घसा साफ केला.

“निकाल,” ते म्हणाले, “राखून ठेवण्यात येत आहे.”

हसू आलं, पण अर्धवट. कारण गर्दीतून वाट काढत एक खाकी कपड्यातला माणूस पुढे आला होता. छातीवर बिल्ला. त्यानं वाकून चपलांचा जोड शिरस्तेदारांच्या पायांशी सरकवला आणि खाली बसून सतरंजी गुंडाळायला घेतली.

शिरस्तेदार बिल्ल्याकडे बघत होते. आम्ही सारे चपला शोधायचं विसरून त्यांच्याकडे.

माधव सतरंजी काखोटीला मारून उठला. मग थांबला. “अप्पा, उलटी गुंडाळली वाटतं.”

“राहू दे तशीच,” शिरस्तेदार म्हणाले, आणि दोघं घराच्या वाटेला लागले.