मिसिसिपी शेवटच्या कडव्यात

भूगोल आल्याशिवाय माणूस कुठल्याही देशाचा होऊ शकत नाही. (जन्माने नागरिक झालेल्यांना ही अट नाही. ते पाळण्यातच पास झालेले असतात.)

हे तत्त्व ओहायोतल्या कोलंबस शहरात, एका किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी शिकवलं जातं, आणि शिकवणारा मी. विद्यार्थी म्हणजे भूतानमधून हाकललेले, नेपाळच्या छावणीत उमेदीची वर्षं काढलेले म्हातारे-म्हाताऱ्या. सरासरी वय सत्तर, सरासरी दात नऊ. अमेरिकेच्या नद्या, महासागर, शेजारी देश काही केल्या त्यांच्या डोक्यात राहीनात. शेवटी टंकनाथबाजेंनी (नेपाळीत बाजे म्हणजे आजोबा, आणि आमा म्हणजे आई) खंजिरी काढली आणि अख्खा भूगोल भजनात बसवला. महिन्याभरात वर्ग शंभर टक्के तयार. शिक्षणखात्याने याची नोंद घ्यायला हरकत नाही.

एकच किरकोळ अडचण राहिली. मी मनरूपा ढुंगेल या आजींना विचारायचो, "आमा, पश्चिमेला कोणता महासागर?"

"थांब रे, मी अजून पूर्वेलाच आहे."

"अहो, नुसतं नाव सांगा ना!"

"भजन मधूनच कोण सुरू करतं? बघ, अडवलंस ना? आता पुन्हा राजधानीपासून आलं."

आमाला पासपोर्ट हवा होता, आणि त्यासाठी आधी नागरिकत्वाची तोंडी परीक्षा पास व्हायला हवी होती. धाकटी बहीण तुलसा मागे नेपाळात, झापाच्या छावणीत राहिली होती, अंथरुणाला खिळली होती. पहिल्या परीक्षेत साहेबाने लांब नदीचं नाव विचारलं. नदी शेवटच्या कडव्यात. आमा जेमतेम कॅनडाच्या सीमेवर पोचली आणि साहेबाने थांबवलं. नापास. आता एकच संधी उरली.

बाजे म्हणाले, "नदी जरा वर घेऊ या का?"

आमा खवळली. "नदी काय तुमच्या सोयीनं वाहते होय?"

दुसऱ्या वेळी समोर अधिकारी बाई होत्या. त्यांनीही नदीच विचारली. (सरकारला नद्यांचं भारी वेड.) मी बाहेर बाकावर, आणि दारातून आमाचा आवाज: राजधानी, पूर्वेचा महासागर, पश्चिमेचा, कॅनडा. माझा जीव टांगणीला. मेक्सिकोपाशी आमाला खोकल्याची उबळ आली. संपलं, म्हटलं, आता पुन्हा राजधानी! तेवढ्यात आतून टेबलावर ठेका ऐकू आला. बाईंनीच धरला होता. त्या ठेक्यावर आमाने मेक्सिको ओलांडला आणि मिसिसिपीला येऊन टेकली. पास!

वसंतात आमा झापाला जाऊन आली. बहिणीच्या उशाशी बसून तिने रोज तेच भजन म्हटलं. तुलसालाही आता अमेरिकेचा सगळा भूगोल तोंडपाठ आहे. तिला मात्र अजून एकाही देशाने परीक्षेला बोलावलेलं नाही.

वाचकहो, आमाला हसलात ना? मग सांगा पाहू, आपल्या राष्ट्रगीतात हिमालयाच्या आधी कोणता पर्वत येतो? नुसतं नाव सांगायचं. आणि मनातल्या मनात पहिल्यापासून सुरुवात केली असेल, तर निदान उठून उभे तरी राहा.