मधूकाकांचं नाताळचं भूत

दिवाळीचे कंदील उतरले की आमच्या गिरगावातल्या चाळीत सकाळी सकाळी साखळ्यांचा खळखळाट सुरू व्हायचा. मधूकाका गॅलरीत भुताची तालीम करायचे.

"मधूभावजी, भूत जरा भिंतीला सरकवा, बादली न्यायचीय!" सावंतकाकू ओरडायच्या.

मधूकाका माझ्या शाळेत क्लार्क होते. तिथल्या नाताळच्या नाटकात एका कंजूस व्यापाऱ्याकडे त्याचा मेलेला भागीदार साखळ्या ओढत येतो आणि बजावतो, की माझं झालं ते झालं, तू सुधार. हे काम वर्षानुवर्षं मधूकाकांचं. निवृत्तीनंतरही. काम जेमतेम चार मिनिटांचं. पण तोंडाला पावडर लागली की दोन तास चहा बंद. "मेलेला माणूस चहा पितो का गं?" पडदा पडल्यावर मात्र लागोपाठ दोन कप.

साखळ्या त्यांच्या घरच्या झोपाळ्याच्या. वाटणीत फळी मोठ्या भावाकडे गेली, साखळ्या यांच्याकडे. भाऊ समोरच्याच चाळीत राहतात. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

आता मी त्याच शाळेत शिकवते. यंदा मीटिंगमध्ये ठरलं, भूत व्हिडिओवर दाखवायचं. "कुणाला काही म्हणायचंय?" प्रिन्सिपलबाईंनी विचारलं. मला म्हणायचं होतं. मी वहीत बघत राहिले.

मधूकाकांना सांगायचं कामही माझ्यावरच आलं. ते हसले. "बरं झालं, गुडघे दुखतात." मग हळूच म्हणाले, "एक करशील? भाऊला कळव. दर वर्षी येतो तो. मागच्या रांगेत बसतो, माझं काम झालं की उठून जातो. वर्षातनं तेवढीच चार मिनिटं माझं ऐकून घेतो गं. उगाच खेप नको त्याला."

मी हो म्हणाले. दोनदा भाऊंच्या दारापर्यंत गेले आणि बेल न वाजवताच परत आले. काय बोलायचं, तेच सुचेना.

नाटकाच्या दिवशी भाऊ मागच्या रांगेत होते. इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. व्हिडिओतलं भूत येऊन गेलं, मुलांनी शिट्ट्या मारल्या. भाऊ उठून दाराशी आले. तिथे मी उभी होते.

"मधू बरा आहे ना?"

"हो."

'घरीच आहेत, तुम्हीच विचारा ना,' एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जुळवेपर्यंत ते फाटकाबाहेर पडले होते.

संध्याकाळी मधूकाका गॅलरीत माझी वाट बघत होते. "कळवलं होतंस ना भाऊला? काही म्हणाला?"

"कळवलं होतं," मी म्हणाले. "काही म्हणाले नाहीत."

"नाहीच म्हणायचा तो," मधूकाका म्हणाले आणि मलाच चहा विचारला.