उदयरावांचा पायथन-बेत

"रिफायनरी चालवतो मी, रसिका! स्वयंपाकघर म्हणजे किस झाड की पत्ती!"

आखाती देशातल्या, हवल्ली भागातल्या फ्लॅटमध्ये उदय हे बोलला तेव्हा रसिकाला हॉस्पिटलच्या ड्यूटीवर पळायचं होतं, म्हणून तो वाचला. ऐन चातुर्मासात तिचे आईवडील नाशिकहून आले होते. सासरे दीनानाथ यांचं लग्नापासून ठाम मत होतं, की जावई कंपनीत मोठा असेल, घरात शून्य! ते मत एकदा खोडून काढायचं, एवढीच उदयची तळमळ होती.

त्याने पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्रॅम लिहिला. घरातला प्रत्येक माणूस एक ऑब्जेक्ट, म्हणजे एक स्वतंत्र नोंद, प्रत्येकाचं काय 'नको' ते भरायचं, उरलेल्यातून बेत! सासूबाईंना कांदा, लसूण, वांगं वर्ज्य. सासऱ्यांना मधुमेह, म्हणून भात-बटाटा बंद. रसिकाला गहू सोसत नाही, त्याला स्वतःला दूध-दही. लेक जुईलीला भाकरी, भेंडी, पालेभाजी, वरण, सगळंच 'यक'! आणि मूळ पदार्थांच्या यादीत दुधी-दोडके घालायचे तर उदयला आठवलेच नाहीत.

कॉम्प्युटरने पाचही जणांना एकच बेत दिला. काकडी!

उदय चरकला. पण स्वतःच्या प्रोग्रॅमवर अविश्वास कसा दाखवणार? जमियातून, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानातून, त्याने पेटीभर काकड्या आणल्या.

दुपारी पानं वाढली. काकडीचे काप, काकडीचा कीस, काकडीची भाजी!

"बाबा, व्हेअर इज द रिअल फूड?" जुईलीने विचारलं.

दीनानाथांनी घास खाली ठेवला. "उदयराव, नोकरी गेली का हो?"

"छे हो, बाबा! सगळ्यांचं पथ्य सांभाळलंय!"

"लपवू नका. तुमचं बस्तान बसेपर्यंत लेक-नात नाशिकला राहतील."

तेवढ्यात रसिका दारात! "बॅग भर," वडील म्हणाले. उदयने धावत जाऊन प्रोग्रॅम उघडला आणि कपाळावर हात मारला. प्रत्येकाची 'नको' यादी वेगळी ठेवायची, तर पठ्ठ्याने 'क्लास'मध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक साच्यात, सगळ्यांना मिळून एकच ठेवली होती! एकाने नाकारलेलं सगळ्यांच्या तोंडचं गेलं होतं.

त्याने तिथेच दुरुस्ती केली. पाच माणसांचे पाच झकास बेत पडद्यावर झळकले.

"जावई हुशार आहे हो!" दीनानाथ पहिल्यांदाच म्हणाले. उदयची छाती फुगली.

"पण हे पाच स्वयंपाक रोज करणार कोण?" रसिकाने विचारलं.

"ते... प्रोग्रॅममध्ये नाहीये."

रसिकाने कीबोर्ड ओढून शेवटी एक ओळ टाइप केली: आचारी = "उदय".

एकही एरर आली नाही.