श्रावणातलं झाडाचं मटण

पाहुणचारात माझा हात धरणारा अख्ख्या ब्रह्मपुरीत कोणी नाही! हे मी नाही म्हणत, लोक म्हणतात. म्हणजे, मी विचारलं की म्हणतात.

त्यामुळे आमची पुनम पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, आयुषला घेऊन येतेय. मला तो पसंत आहे. फक्त एक लक्षात ठेवा, तो व्हीगन आहे," तेव्हा मी छाती फुगवून विचारलं, "चालते ना! कोणत्या तालुक्यातले हे व्हीगन लोक?"

मग तिनं समजावलं. मांस नाही, अंडं नाही, दूध-दही-तूप नाही, मधसुद्धा नाही! मी ऐकतच राहिलो. एवढं सगळं सोडून माणूस उभा कसा राहतो?

दुसऱ्याच दिवशी मी नागपूर गाठलं. तिथल्या एका मोठ्या दुकानाच्या फ्रीजसमोर उभा राहिलो आणि डोळेच फिरले. काजूचं चीज! ओटचं दूध! आणि सगळ्यात वर, बर्फात झोपलेलं, वाटाण्यापासून केलेलं मटण! पाकिटावर टपोरा हिरवा ठिपका. मी ते थर्माकोलच्या डब्यात घातलं आणि एसटीत तान्ह्या बाळासारखं मांडीवर घेऊन आलो.

रविवारी पुनम आयुषला घेऊन आली. मी स्वतः सावजी मसाला घालून ते झाडाचं मटण रटरटवलं. काय सांगू! तेच धागे, तीच तर्री, तोच वास! ज्या कोणी वाटाण्याचा बकरा केला, त्याला मी कढईसमोरच हात जोडले.

इतक्यात ओसरीवरून आमचे वडील रामाजी गरजले, "हेमराज! श्रावणात मटण? माह्या घरात?"

"बाबा, हे झाडाचं हाये!"

"झाडाले बकऱ्याचा वास काऊन येऊन राह्यला बे?"

भिंतीवरून शेजारच्या मंगलीबाईंची मान वर आली. "कोन्तं कापलं जी?"

मी दुर्लक्ष केलं. आयुषचं ताट वाढलं. त्यानं एक घास घेतला आणि थबकला. डोळे मोठे झाले. उठला, मोरीपाशी जाऊन चूळ भरून आला. चेहरा पांढराफटक.

"काका, हे खरं मटण आहे."

"बाबा!" पुनम उभीच राहिली. "आयुष पसंत नव्हता तर तोंडानं सांगायचं होतं! असा घास भरवायचा?" आणि ती सरळ बॅग भरायला लागली.

"अगं, पाकीट दाखवतो ना! कमळा, पाकीट कुठी हाये?"

बायको दाराकडे बघत म्हणाली, "आताच घंटागाडीत टाकलं न!"

गाणं वाजवत गाडी कोपऱ्यावरून वळत होती. मी धावलो. एक चप्पल अंगणात राहिली, दुसरी नालीत गेली.

"थांब रे डोमाभाऊ!"

ड्रायव्हर डोमानं ब्रेक मारला. "सोनं गेलं का काका?"

"मटणाचं पाकीट!"

डोमानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "श्रावणात?"

उत्तर द्यायला वेळ कोणाला होता? मी गाडीत चढलो. केळाची सालं, नासका भात, फाटकी उशी, आणि त्याखाली हिरवा ठिपका! पाकीट उंच धरून मी घरी परतलो तेव्हा मागे निम्मी गल्ली होती.

आयुष पाकीट मोठ्यानं वाचायला लागला. सगळे पोथी ऐकावी तसे उभे. "वाटाण्याचं प्रथिन... गव्हाचं सत्त्व... खोबरेल तेल... बिटाचा रंग..." एकेका शब्दाबरोबर पुनमचा चेहरा उजळत गेला.

"अन् बकरा?" रामाजींनी श्वास रोखून विचारलं.

"बकरा नाहीच यात, आजोबा."

"आरे बापा! बकऱ्याबिगर बकरा!" त्यांचं तोंड उघडं ते उघडंच. मंगलीबाईंनी तर कढईला नमस्कार केला. मी मिशीवरून हात फिरवला. हाताला केळाचं साल लागलं.

तेवढ्यात आयुष अडखळला. "काका..."

"काय?"

"शेवटी लिहिलंय... दुधाची भुकटी."

"पण हिरवा ठिपका!"

"तो शाकाहारीचा असतो, काका. व्हीगनचा नाही."

मी मटकन खाली बसलो. आता पोरगी जाते, जावई जातो, ब्रह्मपुरीतली अब्रूही जाते! आयुष माझ्याकडे बघत राहिला. अनवाणी पाय, खांद्यावर भात, मिशीत साल. आणि एकदम हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले.

"पुनम," तो म्हणाला, "माझ्यासाठी आजवर कोणी कचऱ्याच्या गाडीत चढलं नव्हतं गं."

पुनमनं भरलेली बॅग तशीच कोपऱ्यात सरकवली. कमळानं घरच्यांसाठी केलेली लाखोळीची डाळ आणि भात त्याला वाढला. दोनदा मागून घेतला पोरानं. लग्न दिवाळीनंतर करायचं, हेही तिथंच ठरलं.

इकडे रामाजी विचारात पडले होते. "हेमराज, यात दूधच हाये ना? दूध त श्रावणात चालते! वाढ!"

मी आंघोळ करून येईपर्यंत कढई लख्ख झाली होती. बाबा आणि मंगलीबाई तृप्त होऊन भिंतीला टेकले होते. वाटाण्याचा बकरा मी एवढ्या लांबून आणला, पण जिभेला लावायलाही मिळाला नाही!

"कसं होतं, बाबा?" मी भक्तिभावानं विचारलं.

बाबांनी डोळे मिटले. मग ढेकर दिली.

"मीठ कमी होतं."