वेणूमावशीचा हॉटस्पॉट

एका जंगलात, मुलांनो, मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि टेकडीवरच्या एका बिळात सगळ्यांत चांगली रेंज येऊ लागली. ते बीळ वेणूमावशी नावाच्या सायाळीचं होतं. त्याआधी ते तिच्या आईचं होतं.

रेंज आल्यावर रंगराव तरसाला आठवलं, की हे बीळ आपल्या आजोबांनी खणलं आहे. त्याने सिंहमहाराजांकडे दावा लावला.

महाराज हल्ली गुहेबाहेर पडत नसत. सुनावणी व्हिडिओवर होई. सूर्य मावळेपर्यंत ज्याचं तोंड पडद्यावर दिसलं नाही, तो हरला असं धरत.

मावशीच्या फोनचा कॅमेरा फुटला होता. लेकीने सासरहून आपला टॅब पाठवला होता, पण त्यात सिमकार्ड नव्हतं. फोनचा हॉटस्पॉट लावायचा आणि टॅब त्याला जोडायचा, एवढंच काम होतं.

हॉटस्पॉटला पासवर्ड नव्हता. शेजारी आला असता दार लावून घेणं त्या जंगलात वाईट दिसे. पासवर्ड म्हणजे तेच की, असं मावशीला वाटे.

टॅब काही जोडला जाईना. मावशीने भिकोबा माकडाला हाक मारली.

"मावशी, हॉटस्पॉट बंद करून चालू करा."

मावशीने बंद केला. जंगलभर ओरड झाली. चालू केला. ओरड थांबली. सगळे पुन्हा जोडले गेले, टॅब तेवढा बाहेर राहिला.

"माझा फोन मस्त चालतोय," भिकोबा म्हणाला. "टॅबच खराब असणार."

मग दत्तूअण्णा कासव आले. त्यांना वाचायची सवय होती. त्यांनी मावशीचा फोन हातात घेऊन शांतपणे वाचला.

"वेणू, तुझ्या हॉटस्पॉटवर जागाच शिल्लक नाही. कोणाला तरी काढावं लागेल."

"कोण कोण आहे, अण्णा?"

"हरणीचा मुलगा अभ्यास करतोय. अस्वल मधाचे भाव बघतंय. कोल्हीणबाई भजन ऐकताहेत. हा भिकोबा आहे. आणि रंगराव आहे."

"रंगराव?"

"बाहेरच बसलाय, जांभळीखाली. त्याचा पॅक संपलाय म्हणे."

"मग त्यालाच उडवा की," भिकोबा म्हणाला.

"अरे, असं कसं? सकाळी विचारून जोडलंय त्याने. मी हो म्हटलंय."

ऊन उतरत चाललं होतं. मावशी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेली.

"रंगराव, जरा वेळ उतरता का? माझी सुनावणी आहे."

रंगराव पाणी प्यायला. "उतरलो असतो हो, मावशी. पण माझीही आहे."

ते मावशीला पटलं. ती आत आली.

"भिकोबा, बाळा, तू उतरतोस?"

"एका पायावर उतरेन. पण मग तुमची सुनावणी बघू कुठे? अशा वेळी आपलं कोणीतरी बघायला नको?"

तेही मावशीला पटलं. हरणीच्या मुलाचा अभ्यास मोडायचा नव्हता, अस्वलाचा मधाचा भाव चुकवायचा नव्हता, आणि कोल्हीणबाईंच्या भजनात तर बोलणंच बरं दिसलं नसतं.

सूर्य मावळला. भिकोबाच्या फोनवर महाराज दिसू लागले.

"रंगराव हजर. चित्र स्वच्छ आहे. वेणूबाई गैरहजर. बीळ रंगरावाचं."

"बघा मावशी," भिकोबा म्हणाला, "एकदाही अडकलं नाही."

मावशीने टॅब फडक्यात गुंडाळला आणि लेकीच्या गावाची वाट धरली. सगळे तिला ओढ्यापर्यंत पोचवायला गेले. तिथे रेंज गेली, तेव्हा परत फिरले.

रंगरावाने बिळात शिरताच नवा पॅक टाकला, स्वतःचा हॉटस्पॉट लावला आणि त्याला पासवर्ड घातला. रंगरावाला शिस्त आहे, असं आता जंगलात सगळे म्हणतात.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी सर्वांना सामावून घ्यावे. जागा फक्त एकाला कमी पडते, आणि तो एक आपणच असलो म्हणजे कोणाची तक्रार येत नाही.