बाबांची विरळणी

टोमॅटोच्या पाकिटावर स्वच्छ लिहिलं होतं, एका कुंडीत दोनच बिया. पण बाबांचा बियांवर विश्वास नव्हता. निम्म्या तरी दगा देणारच, म्हणून त्यांनी अख्खं पाकीट एकाच ट्रेमध्ये रिकामं केलं. झाडून सगळ्या उगवल्या. वसंत सरत आला तेव्हा जेवणाच्या टेबलावर चौसष्ट रोपं खांद्याला खांदा लावून उभी होती.

"विरळणी करा. सहा धट्टीकट्टी ठेवा, बाकीची उपटून टाका," आई म्हणाली. "चारला माझी ताई येतेय. टेबल मोकळं दिसलं नाही, तर वर्षभर ऐकावं लागेल मला."

बाबांनी एक रोप उपटलं. त्याची केसासारखी पांढरी मुळं बघून त्यांचा हात कचऱ्याच्या डब्यावरच अडला.

"जीव आहे गं त्यात," ते लेकीला, ठमीला म्हणाले.

"काल अख्खा कोबी खाल्लात, तेव्हा नाही आठवलं?"

"कोबी मी वाढवला नव्हता."

त्या रोपाला चहाचा कप मिळाला. पुढच्याला वाटी. मग पेले संपले, साखरेचा डबा संपला, ठमीची कंपासपेटीही गेली. तीनच्या सुमारास आई दारात येऊन उभी राहिली. तिनं आधी टेबलाकडे बघितलं, मग घड्याळाकडे.

"वाटून येतो," म्हणत त्यांनी ठमीला आणि दोन टोपल्यांना बरोबर घेतलं.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी टोमॅटो हसत घेतले आणि भोपळ्याची पाच रोपं हातात ठेवली. "नाही म्हणू नका," ते म्हणाले, ज्या आवाजात ते 'दुखणार नाही' म्हणतात, अगदी त्याच आवाजात. समोरच्या बाईंनी दोन घेऊन वांग्याची नऊ दिली. कोपऱ्यावरच्या शिंप्यानं तर दार पुरतं उघडायच्या आत मिरच्या पुढे केल्या. अख्खी गल्ली विरळणी करून सावज शोधत बसली होती.

"बाबा, निघालो तेव्हा अठ्ठावन्न होती."

"रोपं मोजू नयेत. खुंटतात."

"मग मोठ्यानं मोजते." ती त्र्याऐंशी भरली.

चारला दहा मिनिटं कमी असताना आईनं बाह्या सरसावल्या. "तुमच्याच्यानं नाही व्हायचं. द्या इकडे." टोपल्या उचलून ती मागच्या अंगणात, खताच्या खड्ड्याकडे गेली. बाबांनी खिडकीकडे पाठ केली आणि टेबल पुसलं.

मावशी ठोक्याला हजर झाली. "टेबल आहे म्हणजे या घरात," ती म्हणाली. "आणि आमची धाकटी कुठंय?"

तिघं मागच्या दारी गेली. खताचा खड्डा होता तसाच होता. आई आपल्या लाडक्या गुलाबांच्या वाफ्यात, कोपरापर्यंत मातीत हात घालून बसली होती. गुलाबांच्या मधे टोमॅटो, वांगी, मिरच्या रांगेनं उभ्या होत्या.

"टाकणारच होते," आई मान वर न करता म्हणाली. "पण काही काही फारच गुणी निघाली. ताई, आलीस का? जाताना यातली वीस ने."

मावशी एक पाऊल मागे सरकली. "मी कुठं ठेवू? डिकी आधीच भरलीय." मग आवाज जरा खाली आणून ती म्हणाली, "दोडक्याची बत्तीस आहेत. तुमच्यासाठीच आणलीत."

लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण मेहुणीबद्दल इतकं आपलेपण बाबांना आज पहिल्यांदाच वाटलं.